ब्रेक केलेली गाडी

येरमाळ्याच्या स्टँडवर वनमालाबाई धाराशिवच्या गाडीची वाट बघत होत्या. घाटाचा त्यांना जुना धसका, म्हणून त्या कायम मागच्या सीटवर डोळे मिटून बसायच्या. बाकावर शेजारी दोन पोरी होत्या. संघप्रिया एसटीच्या डेपोत शिकाऊ मेकॅनिक होती आणि वृषालीचा तिथं आज पहिला दिवस होता.

"ताई, आधी काय करायला लावतेत?"

"डिझेलमधी नटबोल्ट धुवायला. महिनाभर तेच."

"अन् शिकवतेत कवा?"

"आपले उस्ताद तोंडानं न्हाय शिकवत. त्यांच्या हाताकडं बघत ऱ्हायचं."

"चुकलं तर लई बोलतेत?"

"न्हाय. आपण जोडलेलं गपचिप खोलून ठिवतेत. पुन्हा जोडायचं."

"मग जमलं हे कळतं कसं?"

"एक दिवस ब्रेकचं काम आपल्या हातात देतेत. पण त्यांचा रिवाज हाय. ज्यानं ब्रेक केलं, त्यानं दुसऱ्या दिवशी त्याच गाडीत बसायचं. घाट पार होईस्तवर."

"तू बसलीस?"

"आज बसायचंय. ती बघ, आलीच."

गाडी फलाटाला लागली. वृषाली पायरीपाशी थबकली.

"पोरी," वनमालाबाईंनी संघप्रियाला विचारलं, "तू कुठं बसणार?"

"ड्रायव्हरच्या मागं, मावशी."

"मग माझीही जागा तिथंच धर."