सीटची उंची

भिलवडीच्या सायकल दुकानात मी स्कूटरमध्ये हवा भरायला थांबलो होतो. माझ्या आधी एका म्हाताऱ्याच्या सायकलचं पंक्चर निघत होतं. काढत होते दुकानाचे मालक रहिमानभाई.

"कुठनं आलासा, तात्या?"

"वाईवरनं. नदीच्या कडंकडंनं, गावं बघत. हरिपूरच्या संगमापतुर जायचं हाय."

"ह्या वयात? आन् पाय तर भुईला पोचत न्हाईत तुमचं. समोरच्या पाराला टेकून उतरलासा, बघितलं मी."

"रोज तसंच. पार न्हाईतर पुलाचा कठडा बघूनच थांबतो."

"सायकल तुमची न्हवं."

"पोराची, ऋषिराजची. मिल्ट्रीत होता. सुट्टीत आला की ह्योच रस्ता करायचा म्हनून घेतलेली. तवर सरहद्दीवर सुरुंगात त्याचा पाय गेला."

"आता कसा हाय?"

"खोलीतनं भायेर येत न्हाई. कुनाशी बोलत न्हाई. म्हनून मीच निघालो. सांजच्याला फोन लावतो आन् आज नदी कशी दिसली ते सांगतो. त्यो नुसता ऐकतो."

"झालं पंक्चर. थांबा, सीट चार बोटं खाली घेतो."

"नको."

"आवं, पडशिला कुठंतरी."

"परवा कराडात पडलोय. तरी नको."

"का वो?"

"काल फोनवर त्यानं पयल्यांदा तोंड उघडलं. सीट हाय तेवढीच ठेवलीया न्हवं, म्हनला."

रहिमानभाईंनी हातातला पाना परत पेटीत टाकला.

"किती झालं, भाऊ?"

"ऱ्हाऊ द्या. चला, पारापतुर सायकल मी धरतो."