चारशे बारा नंबरची हजेरी

हॅलो?

हॅलो… कोण? जोरात बोल, खरखर फार आहे. कोण, अनुश्री? हो, हो, मीच. श्रीराममामा. बोल बेटा. कॉलेजातून करतेयस?

झाली तुझ्या पोरांची ती… काय म्हणतात… केस स्टडी? वा! मतलब माझी रजिस्टरं कामाला आली.

अगं, आभार कसले! ब्याण्णवला मिल बंद झाली तेव्हा सगळं रद्दीत चाललं होतं. मी सायकलवर लादून घरी आणलं. तुझी मामी सात वर्षं मागे लागलीय, फेका म्हणून. आता सांगतो तिला, बी.कॉम.ची पोरं त्याच्यावर कॉम्प्युटर शिकली.

हो… हो… अख्ख्या वर्षाची हजेरी चढवली? शाब्बास. आणि मिलच्या दवाखान्याची वही पण? बरोबर, दोन्ही मीच दिल्या होत्या.

दोन्ही जुळवून पाहिल्या… हां… मग?

काय सापडलं?

परत बोल.

बोगस?

एक मिनिट, अनुश्री. एक मिनिट! काय बोगस? चारशे बारा नंबरचा माणूस पाय मोडून चाळीस दिवस दवाखान्यात, आणि हजेरीत मात्र रोज कामावर… हो, असेल. असं किती ठिकाणी? एकशे सत्याऐंशी. बरं. मग पोरांनी अर्थ काय काढला?

चोरी.

नाही, वाच तू. लिहिलंय तसं वाच. ‘कामगार आणि टाइमकीपर यांच्या संगनमताने’… थांब. हजेरी लिहिणारा टाइमकीपर कोण होता त्या वर्षी? सांग ना, कोण होता? तुझा मामा होता! सही नाही दिसली खाली?

माझं नाव नाही टाकलं म्हणजे मेहरबानी केली का?

पुढे वाच. ‘मिल बंद पडण्याचे प्रमुख कारण.’ वा रे वा! पोरांनी लिहिलं आणि मॅडमनी बरोबरची खूण केली!

मी ओरडत नाहीये! … हो, ओरडतोय! ओरडू नको तर काय करू?

मनोरमा, तू आत जा. नळ आलाय तर भर ना पाणी. घेतलीय बीपीची गोळी, सकाळीच घेतलीय!

हां, बोल. मामी होती.

काय सॉरी? सॉरी नको. अगं ऐक ना… ऐक आधी! बदलीवाले माहीत आहेत का तुला? नाहीत. तेच म्हटलं मी. सकाळी मिलचा भोंगा वाजला की गेटवर पन्नास-साठ माणसं उभी असायची. पक्की नाहीत. पक्का माणूस आला नाही तर त्याच्या जागी घ्यायला. कोणाच्या घरी लग्न, कोणी सोयाबीन काढायला गावी, हातोदला गेलेला, कोणाचा पाय मोडलेला. साचा, म्हणजे तुझी ती लूम, ती तर चालली पाहिजे ना? मग मी गेटवर हाक मारायचो, तू चल चारशे बारावर! तो आत जायचा, आठ तास कापड काढायचा, आणि हजेरी लागायची चारशे बाराची. रोज. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर.

काम झालं ना? कापड निघालं ना? मजुरीसुद्धा ज्याने काम केलं त्याच्याच हातात मिळाली. मग चोरी कुठे झाली, सांग मला!

परदेशीपुऱ्यात, मिलवाल्यांच्या वस्तीत, चहाच्या ठेल्यावर कोणालाही विचारलं असतंस तर दोन मिनिटांत कळलं असतं. तुझ्या कॉलेजपासून सायकलने दहा मिनिटं. पण नाही! कॉम्प्युटर आहे ना, माणसाला कशाला विचारायचं?

मी सांगायला पाहिजे होतं? मला काय ठाऊक, तुला एवढंही माहीत नसेल! तुझी आई इथेच वाढली ना? लग्न करून पुण्याला गेली आणि काहीच नाही सांगितलं पोरीला? … बरं, बरं. तिला नको आणू मध्ये. चुकलं माझं.

कधी वाचणार हे?

आज चार वाजता? हॉलमध्ये? कोण कोण येणार? … प्रिन्सिपल… आणि पीथमपूरचे कारखानदार. वा! त्यांना तर हेच ऐकायचंय. कामगार चोर होते म्हणून मिल बुडाली. टाळ्या वाजवतील, बघ तू. मशीनं तीस वर्षं बदलली नाहीत, ते मोजलं का तुझ्या पोरांनी? सुरतचं स्वस्त कापड आलं, नवीन धोरण आलं, मालकांनी हात झटकले, ते मोजलं? त्याची वही नाही मिळाली, म्हणून सोडून दिलं! आणि जी वही मिळाली तिच्यात चोर शोधले. ही शिकवण्याची पद्धत आहे का?

रद्द कर.

नाही कसं करता येत? प्रिन्सिपलला सांगायचं, चुकलं म्हणून… टेम्पररी आहेस म्हणून घाबरतेस? अगं, त्या माणसांना चोर म्हणणार तू चारशे लोकांसमोर! आधी हिंमत कर, मग नोकरी कर!

काय? … हो, विचार ना. काय विचारायचंय?

बदलीवाल्यांची नावं?

नाही… त्या रजिस्टरमध्ये नाहीत. रकानाच नव्हता तसा.

दुसरी वही पण नव्हती.

कारण मॅनेजरचा हुकूम होता. तोंडी. नाव चढलं की दिवस मोजले जातात. वर्षाचे दोनशे चाळीस भरले की माणूस हक्क सांगणार, पक्का करा. म्हणून नावच चढवायचं नाही.

हो. मला माहीत होतं कशासाठी ते.

मीच लिहायचो. अठ्ठावीस वर्षं.

नाही. नाही बोललो मॅनेजरला कधी. कोण बोललं असतं? घरी तुझी आजी आजारी, दोन पोरींची शिक्षणं… तू पण ना, खामखा…

एवढा वेळ मी बोलतोय तर भांड तरी माझ्याशी!

ऐक. मिल बंद झाल्यावर गेटवर, कोणाकोणाला देणी मिळणार, त्या कामगारांची यादी लागली. हे बदलीवाले सगळे आले, आपापलं नाव शोधत. कुणाचंच नव्हतं. मग माझ्या घरी आले. ‘बाबूजी, रोज आप ही तो आवाज लगाते थे, आप बोल दो ना, हम थे।’ मी काय म्हटलं माहीत आहे? रजिस्टरमध्ये नाही, मी काय करू. दारातूनच परत पाठवलं. पाणीसुद्धा नाही विचारलं. फार लाज वाटते गं. तेव्हा नाही वाटली, आता वाटतेय. आणि मी तुझ्यावर ओरडतोय.

नाही, रडत नाहीये.

काय म्हणतेस? रकाना वाढवते? म्हणजे… आता वाढवता येतो? बदलीवाल्याच्या नावाचा? दोन मिनिटांत? एवढं सोपं असतं ते?

मग वाढव. आणि चार वाजता तेच वाच. चोर कोणी नव्हतं, इथे हा माणूस काम करत होता. कारखानदारांच्या तोंडावर वाच. प्रिन्सिपल काही बोलले तर त्यांना माझ्याकडे पाठव, मी बघतो.

हां, विचार. चारशे बाराच्या जागी कोण? तुकोजी पवार. हो, पक्कं. कृष्णपुऱ्याच्या पुलाजवळ कुलपं दुरुस्त करतो आता. मला ओळख देत नाही. लिही.

पुढे? सहाशे अठ्ठ्याऐंशी… मांगीलाल. गेल्या साली वारला. लिही, तरी लिही! वारला म्हणून काय झालं?

पुढे? नऊशे सात. हां, हां, माहीत आहे! त्याचा पक्का माणूस दम्याने अर्धं वर्ष घरीच असायचा, मग हाच यायचा. उंच, डाव्या कानात बाळी. भोंग्याच्या आधी गेटवर हजर. अकरा वर्षं बघितलं मी त्याला. त्याचं नाव…

थांब ना! आठवू दे जरा!

नको, पुढचा नंबर नको. हाच. हाच आधी.

आम्ही त्याला नऊशे सातच म्हणायचो. मी म्हणायचो. चल रे नऊशे सात! आणि तो हसत आत जायचा.

नाही गं. विसरलो नाही. मी कधी विचारलंच नाही त्याला.

मनोरमा! माझी चप्पल कुठे ठेवलीस? … काही झालं नाही, चप्पल दे!

आता ठेव फोन. परदेशीपुऱ्यात जातो, कोणीतरी ओळखत असेल. चार वाजायला अजून अडीच तास आहेत… नाही, तुझ्यावर राग नाही, अनुश्री. ठेव म्हणतो ना!