उस्तादांच्या सुरीची मूठ माझ्याकडे होती

जबाब देणार: धारवाले काका (याच नावाने ओळखतात; ओळखपत्रावरचे नाव वेगळ्या कागदावर घेतले आहे). वय ६८. धंदा: सुऱ्या-कात्र्यांना धार लावणे, चव्वेचाळीस वर्षे, आजारपणामुळे वर्षभर बंद. राहणार: कन्येकडे, दुसरा मजला. उजवा हात थरथरतो म्हणून सहीऐवजी अंगठा घेण्याचे ठरले.

मी पोलीस ठाण्यात स्वतःच्या पायांनी आलो असून विचारल्यावरून खरे ते सांगतो, ते असे:

आज दुपारी एक वाजता माझी कन्या मला जपानी सुशीच्या हॉटेलात घेऊन गेली. मला अर्धांगाचा झटका येऊन आज वर्ष झाले, मी त्यातून उठलो, म्हणून तिने दोन महिने आधी जागा धरली होती. खुर्च्या एकंदर आठ. यादी नाही, चमचा नाही, आवाज नाही. किंमत विचारली तर कन्या म्हणाली, "बाबा, आज फक्त खायचं." हॉटेलचे मालक, ज्यांना सगळे उस्ताद म्हणतात, तेच समोर उभे राहून मासा कापतात, भाताचा घास मुठीत दाबतात, त्यावर मासा ठेवतात आणि लाकडी फळीवर आपल्यापुढे मांडतात. घास हाताने उचलून एकदम तोंडात टाकायचा. माझा पहिला घास हात थरथरल्याने मांडीवर पडला. उस्तादांनी लगेच दुसरा केला, तो थोडा लहान आणि घट्ट. मला माणूस तिथेच आवडला.

कच्चा मासा मी जन्मात खाल्ला नव्हता. चांगला लागला. सातव्या घासाला मला माशाच्या कापावर केसाएवढी रेघ दिसली. आठव्यालाही तीच, त्याच जागी. मी उस्तादांना म्हणालो, "सुरीच्या धारेला मुठीपासून तीन बोटांवर खाच आहे."

त्यांचा हात थांबला. म्हणाले, "काका, हे आजवर कोणी ओळखलं नव्हतं. गुरुजींची सुरी आहे. बारा वर्षं त्यांच्याकडे शिकलो, निघताना त्यांनी हातात दिली. बाकीच्या सुऱ्यांना मीच धार लावतो, पण ही खाच काढायला माझा हात धजत नाही."

एवढे बोलून त्यांनी सुरी पुसली, घडी केलेल्या फडक्यावर ठेवली, मूठ माझ्याकडे केली, मान लववली आणि फोन आला म्हणून आत गेले.

आमच्या धंद्यात असे आहे की, गिऱ्हाईक मूठ आपल्याकडे करून हत्यार ठेवते तेव्हा ते काम सोपवते. त्यावर बोलायचे नसते. चव्वेचाळीस वर्षांत मी कोणाला "नेऊ का?" विचारलेले नाही. कन्या हात धुवायला गेली होती. मी सुरी फडक्यात गुंडाळली आणि पिशवीत ठेवली. कन्येने मला घरी सोडले व ती कामावर गेली. उस्तादांनी सुरी नुसती बघायला ठेवली होती, हे मला इथे जबाब लिहून घेणाऱ्या साहेबांकडून कळले.

घरी मी माळ्यावरून माझे दोन निसणे, म्हणजे धारेचे दगड, काढले. त्यासाठी स्टुलावर चढलो. हे वाक्य लिहू नये अशी विनंती केली, कारण कन्या बाहेरच्या बाकावर बसली आहे. साहेब म्हणाले, सगळे लिहावे लागते.

सुरीला धार एकाच बाजूने होती, सुताराच्या पटाशीसारखी. घाईत दोन्ही बाजूंनी घासली असती तर वाटोळेच झाले असते. मी तासभर नुसता दगड भिजवून बसलो. खरे सांगायचे तर मला भीती वाटत होती. हात चुकला तर एका माणसाच्या गुरूने दिलेली वस्तू जाणार होती, आणि मी पुन्हा कधी दगडाला शिवलो नसतो. मग पाते टेकवले. पाते दगडावर असेपर्यंत हात हलला नाही. का ते डॉक्टरांना विचारावे.

उस्तादांनी सुरी गेल्याची तक्रार दिली होती, म्हणून सव्वापाच वाजता कन्या हवालदारांना घेऊन आली. मी मोरीत बसलो होतो. ती ओरडली, "बाबा, तुम्ही सुरी उचलून आणलीत?" मी म्हणालो, "थांब, शेवटचा हात राहिलाय." तिने माझ्या हाताकडे पाहिले आणि खाली पाटावर बसली. हवालदारही थांबले. त्यांचे आभार.

येथे जबाब थांबवून सुरी ठाण्यातच बसलेल्या उस्तादांना दाखवण्यात आली. साडेसातला त्यांची गिऱ्हाइके जेवायला यायची होती, म्हणून उस्ताद घामाघूम झाले होते. त्यांनी हवालदारांच्या डब्यातला टोमॅटो मागून घेतला. सुरी दाबली नाही, नुसती ओढली. काप उजेडाला धरून बराच वेळ पाहिला. रेघ नव्हती. म्हणाले, "माझी तक्रार नाही." मग सोबत आणलेल्या कापडी गुंडाळीतून आणखी चार सुऱ्या काढून साहेबांच्या टेबलावर ओळीने ठेवल्या. मुठी माझ्याकडे.

दुधाने तोंड पोळले की ताकही फुंकून प्यावे. मी विचारले, "बघायला, की लावायला? तोंडाने सांगा, साहेब लिहून घेतायत."

उस्ताद म्हणाले, "लावायला. आणि काका, दर सोमवारी."

कन्येला आत बोलावले होते. ती रडत होती, पण स्टुलाचे तिने ऐकले आहे.

जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. स्टूल सोडून सर्व माझ्या मनासारखे आहे, आणि स्टुलासकट सर्व खरे आहे. हवालदारांनी अंगठ्यासाठी शाईचा डबा पुढे केला. मी तो बाजूला सारून पेन मागितले. सहीला वेळ लागला, कोणी घाई केली नाही.

सही: धारवाले काका, स्वहस्ते