नामा बीरू कोण?

अगं, मी अजून सुन्न आहे. जपानीच्या तोंडी परीक्षेसाठी मी काल फोनवर मैत्रिणीसोबत हॉटेलातली ऑर्डर घोकत होते, "नामा बीरू कुदासाइ!" म्हणजे ताजी बियर द्या.

मोठ्या काकांनी फोनच हिसकावला. आमच्याकडे आधी ओरडतात, मग विचारतात.

"कोन व्हय वं हा नामा बीरू? सोनाळा गावचा हाय काय? उद्यापासून क्लास बंद!"

परीक्षा बुडणार म्हणून मी किंचाळले, "काका, तो मानूस नाही, बियर हाय! मी बियर मांगून राह्यली!"

आता आपलं शिक्षण संपलं, असंच वाटलं मला.

काकांनी सुस्कारा टाकून फोन परत दिला. "मंग आधी सांगाचं ना! मले वाटलं, पोट्टा हाय."