तिसऱ्या वर्गातली अक्कलदाढ

...अहो, दुखत असती ना, तर माझी काही तक्रारच नव्हती. दुखतच नव्हती हो! पण तुम्हाला सांगतो, तुकडी सरहद्दीवर निघायची म्हटलं की आधी दात तपासतात, बंदूक चालवता येते का ते मागाहून. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडाला धरला नि म्हणाल्या, "अक्कलदाढ आडवी आलीय. वर्ग तिसरा." म्हटलं, "मॅडम, दुखत नाही." तर म्हणतात, "आज नाही. तिकडे डोंगरावर दुखली तर कोण काढणार, शत्रू?" वर्ग पहिला, दुसरा... जा. तिसरा... दाढ काढून ये, नाहीतर घरी बस. चार दिवसांची मुदत.

घरी सांगितलं. बायको आधी रडली, मग हसली, मग मला मऊ भात कालवून दिला. "काढायची नाही म्हणजे नाही," म्हणाली. "बत्तीस वर्षांत पहिल्यांदा अक्कल आलीय, ती उपटून टाकायला निघालात?" सासूबाईंचा फोन, "जावईबापू, कडक काही चावू नका हं." दुखत नसलेल्या दाढेचं एवढं कौतुक! आणि खरं सांगू? मलाही बरंच वाटलं. मागच्या खेपेला आम्ही एकतीस गेलो, सव्वीस परत आलो. भीती वाटते हो, वर्दी घातली म्हणून काय झालं?

दुसऱ्या दिवशी कचेरीतला कारकून सहज म्हणतो, "तुम्ही गळालात तर राखीव यादीतला पहिला जाणार, ठाऊक आहे ना?" म्हटलं, कोण? त्यानं कागद माझ्याकडे फिरवला. माझा मेहुणा. बायकोचा पाठचा भाऊ. वय तेवीस, दात असे की जाहिरातीत द्यावेत... वर्ग पहिला.

संध्याकाळी बायकोला सांगितलं. कपड्यांच्या घड्या घालत होती, ती घालतच राहिली. बिचारी! नवऱ्याला जा म्हणेल, की भावाला? कुठल्या तोंडानं म्हणेल? तिच्या आईचा फोन दोनदा वाजला, तिनं उचलला नाही. जेवणं झाली, भांडी झाली... आणि दाढ अजूनही दुखत नव्हती, बरं का.

शेवटी ओटा पुसता पुसता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "काढताना फार दुखतं का हो?"

काल काढून आलो. सोमवारी निघतोय. तिला काय सांगितलं विचारता? म्हटलं, छे गं, सुई देतात, काही कळतसुद्धा नाही... आता बायकोशी खोटं बोलायचं नाही, तर काय डॉक्टरीणबाईंशी बोलायचं?