उल्लाची उरलेली ओळ

मूळ मी परभणीची, ताई. बाबा दिवसा जिनिंगमध्ये फिटर आणि संध्याकाळी गायन पार्टीचे मुख्य गायक, आणि एप्रिल लागला की वस्त्यावस्त्यांतून जयंतीची बोलावणी यायची, आणि मी नऊ वर्षांची असल्यापासून त्यांच्या मागं कोरसला बसायचे, इतकी जवळ की पेटीच्या भात्याचा वारा माझ्या गुडघ्याला लागायचा. जुन्या कातड्याचा आणि घामाचा तो वास अजून माझ्या नाकात आहे. कोरसचं काम काय, तर गायकानं अर्धी सोडलेली ओळ वरच्यावर धरायची. बाबा भात्यावरचा हात उचलायचे, सूर विरत जायचा, आणि तो पुरता विरायच्या आत आम्ही उचलायचं. एकदा माझं लक्ष नव्हतं, ओळ तशीच पडली, तर बाबा रागावले नाहीत, घरी आल्यावर एवढंच म्हणाले, माय, गाणाऱ्याला उघडं पाडू नये.

इथं जर्मनीत, येनाला, मी भिंगांवर पीएच.डी. करायला आले आणि इथल्याच एका कंपनीत लागले. भिंग तपासायचं काम, तिथं धूळ चालत नाही, बोलताना उडणारा थेंबही चालत नाही, म्हणून आठ तास तोंडावर कापड. काय सांगू तुम्हाला, असे दिवस जायचे की माझाच आवाज मी सकाळपासून ऐकलेला नसायचा. रविवारी भांडी घासताना जरा गुणगुणले, तर दाराखालून चिठ्ठी आली, खालच्या मजल्यावरच्या आजोबांची, फार सभ्य अक्षरात, की आज रूहत्साइट आहे, शांततेची वेळ. मग तेही बंद केलं. नळाचं पाणी तेवढं बोलायचं.

असाच एक रविवार, दुपारी वाचनालयात कुणा स्वीडिश बाईचं गाणं आहे असा कागद दारावर बघितला आणि आत गेले. खुर्च्या चाळीस, माणसं पंधरा. उंच, पन्नाशी ओलांडलेली बाई, खारकेच्या रंगाची गिटार. भाषा कळत नव्हती, पण धृपदाची ओळ तीनदा आली होती, कानात बसली होती. चौथ्यांदा तिनं अर्धीच ओळ म्हटली आणि तारांवरून हात उचलला. उचलला तो थेट बाबांसारखा, ताई. आणि माझ्या तोंडून उरलेली अर्धी ओळ निघून गेली, मोठ्यानं, मांडवात बसल्यासारखी! पंधरा माना वळल्या. ती हात उचलून थांबायची, लोक तिच्या गाण्याला त्या शांततेसाठीच यायचे, ती शांतताच मी मोडली, हे मला मागाहून कळलं. तेव्हा नुसते कान तापले आणि कोटाची बटणं सापडेनात. ती मात्र हसली. जर्मनमध्ये म्हणाली, खुर्ची पुढं घे आणि पुन्हा कर.

ती उल्ला. तिचं गाव स्वीडनच्या उत्तरेला, लाकडाच्या वखारीचं. वडील आऱ्यावर कामाला. जेवायच्या सुट्टीत आरा थांबला की गावभर जी शांतता पडायची, ती मला गाण्यात आणायची होती, असं ती म्हणायची. तेविसाव्या वर्षी एका मित्रामागं जर्मनीत आली, मित्र गेला, गिटार राहिली. आईनं थंडीत वाळत घातलेल्या कपड्यांवर तिनं गाणं केलं, दोरीवर गोठून ताठ झालेल्या कपड्यांवर, आणि ते इथल्या रेडिओवर एक अख्खा उन्हाळा वाजलं. मोठी थिएटरं मिळाली. मग रेकॉर्डवाले म्हणाले, असंच आणखी एक कर. ही म्हणाली, आईनं कपडे वाळत घातले त्याचं गाणं झालं, आता मी दुसरं काही बघतेय. मग थिएटराचा बार झाला, बारचा चर्चचा हॉल, हॉलचं वाचनालय. मी खाली नाही गं आले, ती म्हणायची, लोक जवळ आले.

नऊ वर्षं शनिवार-रविवार मी तिच्याबरोबर हिंडले. पॅसेंजर गाड्यांत तिच्या थर्मासमधली कडू कॉफी, ओल्या लोकरीचा वास, आणि तिच्या भाषेतले शब्द माझ्या जिभेवर खडीसाखरेसारखे फिरायचे. तिची अर्धी ओळ, माझी अर्धी. आई फोनवर विचारायची, अगं ती बाई तुझी लागते तरी कोण? मी म्हणायचे, मी तिच्या कोरसला बसते. एवढं शिकून शेवटी कोरसलाच बसलीस व्हय, असं म्हणून आई हसायची आणि मग घाईनं विषय बदलायची, कारण तोवर बाबा गेले होते.

मागच्या हिवाळ्यात उल्लाचा आवाज जायला लागला. डॉक्टर म्हणाले, गाणं थांबवा. शेवटचा एक कार्यक्रम ठरला, त्याच वाचनालयात. जिन्यात तिनं माझं मनगट धरलं, हात गार होता, म्हणाली, आज तू गायचं नाहीस, शेवटची ओळ मी एकटी पुरी करणार, काहीही झालं तरी. मी म्हटलं, काहीही? म्हणाली, गेनाऊ, अगदी तसंच.

आणि ती जागा आली. तिनं हात उचलला, नेहमीपेक्षा जास्त थांबली, मग ओठ उघडले, आणि सूर नाही, ताई, नुसती हवा आली, फाटलेल्या भात्यातून येते तशी. तिनं माझ्याकडं बघितलं. बघितलं तिनं. ओळ माझ्या गळ्यापर्यंत आली होती, आणि मी शब्द दिलाय म्हणून ओठ मिटून बसून राहिले. लोकांना वाटलं, हीच ती शांतता. टाळ्या वाजल्या. तिनं गिटार खोक्यात ठेवली, एकेक कडी लावली. बाहेर आल्यावर म्हणाली, तू आता अगदी जर्मन झालीस गं, सांगितलं तेवढंच करतेस. हसून म्हणाली. एप्रिलमध्ये ती स्वीडनला बहिणीकडं निघून गेली, आणि जयंतीच्या एप्रिलमध्येच जावी, हे मला फार लागलं.

आता रविवारी मी फोन रेकॉर्डिंगला लावून तिची अर्धी ओळ म्हणते, थांबते, तिच्याइतकंच थांबते, वळणावर ट्राम करकरते तीही त्यात येते, मग उरलेली ओळ धरते आणि पाठवून देते. रूहत्साइट असली तरी. आजोबांनी दोन चिठ्ठ्या टाकल्या, ठेवल्यात जपून. उल्ला ऐकते, तशी खूण फोनवर दिसते. लिहीत काही नाही. एकदाच तिकडून आलं, चार-पाच सेकंदांचं. त्यात शब्द नव्हता, सूर नव्हता, फक्त श्वास आत घेतल्याचा आवाज होता, गाण्याआधी घेतात तसा. पुढं काही नाही. ते मी पुसलेलं नाही. जिथं आहे तिथं बरी असो, तिच्या दोरीवर ऊन पडो. मी आहे इथं. बसलेय तिच्या मागं.