किरकोळ गट

लॅबमध्ये रक्ताच्या रिपोर्टची वाट बघत दोघी जावा बसल्या होत्या. मागच्या बाकावर गळ्यात कंपनीचं ओळखपत्र अडकवलेले दोघं, एक बाई आणि एक पोरगा, हुज्जत घालत होते. थोरलीनं कान टवकारले.

"इथं नवं सॉफ्टवेअर बसवण्याआधी त्याच्या सगळ्या टेस्ट चालवल्यास ना?"

"चालवल्या की, मॅडम. सगळ्या पास."

"सगळ्या, का तू निवडलेल्या?"

"गट केलेत ना. महत्त्वाच्या टेस्टचा गट रोज आपोआप चालतो. बाकीच्यांचा 'किरकोळ' म्हणून वेगळा."

"म्हणजे जी टेस्ट नापास होते, ती किरकोळ! वा रे पठ्ठ्या! आणि तो गट कधी चालवतोस?"

"सवड मिळाली की."

"म्हणजे कधीच नाही. काय काय कोंबलंयस त्यात?"

"एकाच मोबाइल नंबरवर दोन पेशंट असले, तर रिपोर्टची अदलाबदल होते, ती एक. पण एका नंबरवर दोघं येतात कुठं, मॅडम?"

"पाजळ, अजून दिवे पाजळ!"

तेवढ्यात काउंटरवरच्या मुलीनं दोघी जावांना दोन पाकिटं दिली. धाकटीनं आपलं लगेच फोडलं.

"जाऊबाई, माझी साखर एकदम नॉर्मल! इतकी वर्षं गोळ्या गिळल्या, त्याचं आज चीज झालं बघा!"

थोरलीनं आपलं पाकीट उघडलंच नाही. धाकटीच्या हातातलंही काढून घेतलं, मागं वळली आणि दोन्ही त्या पोराच्या मांडीवर टाकली.

"घे बाबा. आम्ही दोघींनी माझ्या लेकाचा नंबर दिलाय. तुला सवड नव्हती ना, तुझा किरकोळ गट आम्हीच चालवून दिला."